कोंबड्यांच्या पायाखालची जमीन

सदर : परसदारचे आरोग्य

गतवर्षी आषाढात माझी आत्या कोंबड्यांच्या कुंपणात पाय घसरून पडली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातले गाव, तीन दिवसांची संततधार आणि आत्याचे वय ७८. सकाळी दाणे टाकण्यासाठी ती आत गेली, शेवाळलेल्या जांभ्यावर चप्पल सरकली आणि पडताना टेकलेल्या हाताचे मनगट मोडले. खुबा वाचला, हे नशीब. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्या काळात मुंबईहून आलेल्या आतेभावाने मला विचारले, "या कोंबड्यांचे आता काय करायचे?" मी डॉक्टर, क्षणभरही विचार न करता सांगून मोकळा झालो, "देऊन टाक." पाचही कोंबड्या शेजारच्या घरी गेल्या.

तो सल्ला अपुरा होता, हे कळायला मला कोजागिरी उजाडावी लागली. भेटायला गेलो तेव्हा हात बरा झाला होता. आत्या मात्र बरी नव्हती. पहाटे उठून परसात जाणारी बाई आठ वाजेपर्यंत अंथरुणात पडून होती. चालणे कमी, भूक कमी, बोलणेही कमी. मी कारण विचारले, तर म्हणाली, "कोंबड्या नाहीत, तर उठून करू काय?" या वाक्यात वैद्यकीय अर्थही आहे. पडण्याच्या धास्तीने वृद्ध माणूस घरात बसले की मांड्यांचे स्नायू क्षीण होत जातात, तोल बिघडतो आणि पुढचे पडणे अधिक जवळ येते. तिला सुरक्षित करण्याच्या भरात मी तिचा रोजचा व्यायामच काढून घेतला होता.

मग मी परसात जाऊन ती रिकामी जागा नीट पाहिली. मांगराच्या छपराच्या पागोळ्या थेट कुंपणाच्या आत पडत होत्या. खाली जांभ्याचे गुळगुळीत चिरे होते व त्यांवर हिरवे शेवाळ चढले होते. चिखल झाकण्यासाठी त्यावर टाकलेला पेंढा कुजून काळा आणि बुळबुळीत झाला होता. पाण्याचे भांडे जमिनीवरच होते. दोष कोंबड्यांचा नव्हता, आत्याच्या वयाचाही नव्हता. दोष पायाखालच्या जमिनीचा होता, आणि जमीन बदलता येते.

ज्यांच्या घरी परसात चार-सहा कोंबड्या आहेत आणि त्यांची निगा घरातील ज्येष्ठ व्यक्ती राखते, अशा कुटुंबांसाठी आजचा लेख आहे. कोंबड्यांखाली काय पसरावे, हा प्रश्न सहसा कोंबड्यांच्या दृष्टीने विचारला जातो. त्याच जमिनीवर आपली आई वा आजोबा रोज दोन वेळा पाय ठेवतात आणि तिथलीच हवा श्वासात घेतात. म्हणून तो त्यांच्याही दृष्टीने विचारायला हवा.

दोन जागा, दोन निरनिराळी कामे

कोंबड्यांच्या जागेचे दोन भाग असतात. एक खुराडे, म्हणजे रात्रीची छपराखालची जागा. दुसरा जाळीने वेढलेला मोकळा भाग, जिथे त्या दिवसभर उकरतात. खुराड्यातील थराचे काम ओल शोषून घेण्याचे. मोकळ्या भागातील थराचे काम पावसाचे पाणी खाली जाऊ देण्याचे. हा भेद लक्षात न घेता एकच वस्तू दोन्हीकडे पसरली जाते, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

एक मोठी कोंबडी दिवसाला १०० ग्रॅमहून अधिक विष्ठा टाकते आणि तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असते. पाच कोंबड्या म्हणजे रोजचा अर्धा किलोहून अधिक ओला ऐवज. थर कोरडा व भुसभुशीत असेल तर ही ओल तो शोषतो, कोंबड्या उकरून त्यात हवा खेळवतात आणि सारे वाळून जाते. थर आधीच ओला असेल तर विष्ठेतील युरिक आम्लाचे जिवाणू विघटन करतात आणि अमोनिया वायू सुटतो. कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, ओलीत जंतू वाढून रक्ती हगवण लागते, पायांच्या तळव्यांना फोड येतात. आणि त्याच वेळी आपल्यासाठी जमीन निसरडी होते.

म्हणून थर निवडण्याआधी पाणी अडवावे. छपराला पन्हळ लावून पागोळ्यांचे पाणी कुंपणाबाहेर काढावे. जमिनीला घरापासून दूर जाणारा हलका उतार द्यावा आणि भोवती वीतभर खोल चर खणावा. मोकळ्या भागाच्या निदान अर्ध्या जागेवर पत्रा असावा. पाण्याचे भांडे विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवावे. म्हणजे उकरताना त्यात कचरा जात नाही आणि पाणी सांडत नाही. जागेची दाटीही नको. खुराड्यात प्रत्येक कोंबडीमागे ३ ते ४ चौरस फूट आणि बाहेर ८ ते १० चौरस फूट जागा असली, तर थरावर भार पडत नाही.

काय पसरावे, काय टाळावे

खुराड्यासाठी भाताचे तूस हा आपल्याकडचा उत्तम पर्याय. कोकणात आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात ते भातगिरणीवर सहज मिळते. हलके असते, लवकर वाळते आणि सहसा कुजत नाही. शेंगेच्या मुलखात भुईमुगाची टरफले चालतात. मात्र ती पूर्ण वाळलेली हवीत, कारण ओलसर टरफलांवर बुरशी फार लवकर धरते. सुताराच्या रंध्यातून निघणारी कुरळी सालपटे चांगली. करवतीचा पिठासारखा बारीक भुसा मात्र टाळावा. तो उडतो, नाकात जातो आणि पिल्ले तो दाणे समजून खातात. प्लायवूड किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसा तर मुळीच घेऊ नये.

भाताचा पेंढा सर्वांत सुलभ, म्हणून सर्वांत जास्त वापरला जातो. आणि पावसाळ्यात सर्वांत जास्त फसवतो. त्याच्या नळ्यांत पाणी राहते, वरून तो कोरडा दिसतो, खाली कुजत असतो. वापरायचाच असेल तर कोरड्या ऋतूत, बोटभर तुकडे करून वापरावा. नारळाच्या सोडणांचा भुसा ओल भरपूर शोषतो, परंतु ओला झाला की फार जड होतो. तो तुसात थोडा मिसळावा. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद एकटा कधीच अंथरू नये. त्यावर लहान पिल्लांचे पाय फाकतात. निसरड्या तळावर पायांना आधार लागत नाही, हे पिल्लांबाबत जितके खरे, तितकेच आपल्याबाबतही.

सुरुवातीला २ ते ३ इंचांचा थर द्यावा आणि हळूहळू नवी भर घालत तो ४ ते ६ इंचांपर्यंत न्यावा. कुक्कुटपालक ज्याला गादी पद्धत म्हणतात, ती हीच. आठवड्यातून एक-दोनदा दाताळ्याने थर वर-खाली करावा. कोंबड्यांची रात्रीची विष्ठा दांडीखालीच पडते. तिथे एक फळी ठेवून ती रोज खरडली, तर निम्मे काम संपते. ओला डाग दिसला की तेवढा भाग त्याच दिवशी उचलावा. ओल्या भागावर कोरडे तूस टाकून तो झाकणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

मोकळ्या भागासाठी वखारीतून मिळणाऱ्या लाकडाच्या जाड ढलप्या सर्वांत योग्य. त्यांच्या फटींतून पाणी खाली जाते, वरचा पृष्ठभाग लवकर वाळतो आणि कोंबड्यांनाही उकरायला मिळते. धुतलेली जाड वाळूही लवकर कोरडी होते आणि चाळणीने स्वच्छ करता येते. परंतु ती उचलायला फार जड, भर उन्हात तापणारी, आणि वाळूत काठी रुतते हे विसरू नये. बारीक धूळ असलेली वाळू फुप्फुसांना घातक असते. हिवाळ्यात-उन्हाळ्यात आंब्या-फणसाचा वाळलेला पाचोळा फुकटचा आणि उत्तम. पावसाळा लागण्यापूर्वी मात्र तो उचलून टाकावा, कारण भिजलेली पाने साबणासारखी निसरडी होतात.

चुन्याविषयी एक खुलासा. ओल मारण्यासाठी चुना भुरभुरण्याची पद्धत जुनी आहे. परंतु विष्ठेने भिजलेल्या थरात चुना पडला की अल्कधर्मीपणा वाढतो आणि साठलेला अमोनिया उलट अधिक वेगाने बाहेर पडतो. शिवाय चुन्याची पूड डोळ्यांना व घशाला दाहक असते. खुराडे पूर्ण रिकामे करून जमीन निर्जंतुक करताना चुना जरूर वापरावा, तोही घरातल्या तरुण माणसाने, नाक-तोंड झाकून. रोजच्या थरावर नको.

मुठीची परीक्षा आणि नातवंडाचे नाक

थर ठीक आहे की नाही, हे पाहण्यासाठी उपकरण लागत नाही. हातमोजा घालून मूठभर थर घ्यावा आणि दाबावा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला, तर थर फार ओला. दाबताच धूळ उडाली, तर फार कोरडा. मूठ उघडताच तो सैल होऊन विस्कटला, तर योग्य.

दुसरी परीक्षा नाकाची. पण इथे वयाचा अडथळा येतो. वाढत्या वयात घ्राणेंद्रिय मंदावते, आणि रोज त्याच हवेत वावरणाऱ्याला ती हवा सवयीचीही होते. आत्या मला ठामपणे सांगत असे, "माझ्या कोंबड्यांना वास येत नाही." तिचा नातू मात्र दारातच नाक धरायचा. दोघेही खरे बोलत होते. म्हणून घरातील तरुण व्यक्तीने आठवड्यातून एकदा सकाळी, खुराडे उघडताच, खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर थर बदलण्याची वेळ झाली आहे. ही जबाबदारी ज्येष्ठांच्या नाकावर सोडू नये.

फुप्फुसांचा आणि पायांचा विचार

बुरशी लागलेला पेंढा वा टरफले हलवताना तिचे सूक्ष्म कण हवेत उडतात. ज्यांना दमा आहे, धूम्रपानाने फुप्फुसे कमकुवत झाली आहेत, जुन्या क्षयाचे व्रण आहेत, अनियंत्रित मधुमेह आहे किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना हे कण गंभीर आजार देऊ शकतात. पक्ष्यांची पिसे व वाळलेली विष्ठा यांच्या धुळीची काही जणांना वावडी असते. खुराडे झाडल्यानंतर चार-सहा तासांनी कोरडा खोकला, धाप, कणकण असे पुन्हा पुन्हा होत असेल, तर ते साधे पडसे समजू नये. छातीच्या तज्ज्ञांना दाखवावे आणि घरी कोंबड्या आहेत हे आवर्जून सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.

माझ्या एका वृद्ध रुग्णाच्या फुप्फुसांची अशी हानी झाली होती. त्यांच्याबाबत थर बदलून भागले नाही. पक्ष्यांचा सहवासच थांबवावा लागला. तो निर्णय त्यांना जड गेला, पण योग्य होता. सर्वांनी कोंबड्या ठेवाव्यातच असे माझे म्हणणे नाही. त्या काढून टाकण्याचे कारण खरे वैद्यकीय असावे, केवळ आपली भीती नसावी, एवढेच म्हणणे आहे.

आता पायांकडे पाहू. ज्येष्ठ व्यक्तीने चालण्याची वाट आणि कोंबड्यांचा थर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दारापासून दाण्याच्या भांड्यापर्यंत आणि अंड्यांच्या पेटीपर्यंत अडीच फूट रुंदीची, खरखरीत पृष्ठभागाची सपाट वाट करावी. गुळगुळीत फरशी किंवा घोटलेले सिमेंट नको. आणि पायाखाली सरकणारे गोल गोटेही नकोत. वाटेच्या एका बाजूला कंबरेच्या उंचीचा कठडा असावा. दाराशी उंबरा नसावा. अंड्यांची पेटी कंबरेच्या उंचीवर असली, तर वाकावे लागत नाही. वाकून एकदम उठताना येणारी चक्कर टळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी किंवा हाडे ठिसूळ झालेल्यांसाठी ही काळजी ऐच्छिक मानू नये.

मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर टरफले व ढलप्यांवर अनवाणी चालणे धोक्याचे. टोचले तरी कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर लक्षात येते. त्यांनी पुढून बंद, खरखरीत तळव्याचे बूट वापरावेत. हे बूट केवळ कुंपणातच वापरायचे, घरात आणायचे नाहीत, हा नियम मात्र सर्वांसाठी. बाहेर येताच साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि त्यांचा त्रास ज्येष्ठांना व लहान मुलांना अधिक होतो. जाळीची तार लागली तर धनुर्वाताच्या लशीची मागची तारीख तपासावी.

कामाची वाटणी

काळजीवाहकांना माझी एक विनंती आहे. सगळे काम काढून घेऊ नका आणि सगळे कामही ठेवू नका. दाणे टाकणे, पाणी बदलणे, अंडी गोळा करणे, कोंबड्या मोजून संध्याकाळी दार लावणे ही कामे ज्येष्ठांची. थर हलवणे, ओला भाग उचलणे, पोती वाहणे ही तरुणांची, किंवा महिन्यातून दोनदा बोलावलेल्या गड्याची. थर हलवण्यापूर्वी त्यावर किंचित पाणी शिंपडावे म्हणजे धूळ उडत नाही. नाक-तोंडावर मास्क असावा आणि त्या वेळी आजी-आजोबांनी तिथे थांबू नये. कोंबड्यांच्या धूळस्नानासाठी राख-माती घमेल्यात, छपराखाली, वाटेपासून दूर ठेवावी.

वर्षाचे वेळापत्रकही सोपे आहे. मे महिन्याच्या मध्याला खुराडे पूर्ण रिकामे करून, उन्हात वाळवून नवा थर घालावा आणि पावसाळ्यापुरती कोरड्या तुसाची पोती भरून ठेवावीत. ती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. अडगळीत उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. काढलेला जुना थर लगेच भाजीच्या वाफ्यात घालू नये. किमान तीन-चार महिने खड्ड्यात कुजू द्यावा. मग त्याचे उत्तम खत होते.

एक इशारा. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव आढळला, हे अनेकांना आठवत असेल. कोंबड्या अचानक एकामागून एक मरू लागल्या, तर मेलेल्या कोंबड्यांना वा त्यांच्या थराला हात लावू नये. स्वच्छतेच्या उत्साहाने तो थर झाडू तर नयेच. तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

पुन्हा परसात

यंदा वैशाखात आतेभाऊ आठवडाभर रजा काढून गावी गेला. पन्हळ लावली, जांभ्याचे चिरे उखडून उतार केला, ढलप्यांचे दोन ट्रॅक्टर-खेपांऐवजी दहा पोत्यांतच काम भागले. खुराड्यात तूस आले, वाट झाली. कठड्याला मात्र आत्याचा विरोध होता. "मला कसला कठडा लावता? मी काय म्हातारी झाले?" असे म्हणून दोन दिवस ती रुसली होती. शेजारणीने पाचांपैकी तीन कोंबड्या परत दिल्या. दोन खुडूक होत्या, त्या तिच्याकडेच राहिल्या.

आषाढ गेला, श्रावणही सरत आला. या पावसात आत्या एकदाही पडली नाही. पुढे कधीच पडणार नाही, असे मी म्हणणार नाही. पण सकाळी साडेसहाला ती परसात असते, हे खरे. कठड्याला तिची छत्री अडकवलेली असते. कठडा छत्रीसाठीच आहे, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. परवा मी गेलो तेव्हा खिडकीतून पाहिले : एका हातात अंड्यांची टोपली होती आणि दुसरा हात कठड्यावर होता.

आपल्या घरी कोंबड्या असतील, तर येत्या रविवारी एवढेच करून पाहावे : भर पावसात परसात उभे राहून पाणी कुठून येते ते बघावे, थराची मूठ दाबावी आणि घरातील ज्येष्ठ व्यक्ती कुठे पाय टाकते ते तिच्या मागून चालून पाहावे. तूस की टरफले, हा निर्णय त्यानंतर आपोआप सुचेल.

पुढील अंकात : परसातील पाण्याच्या टाक्या, डास आणि ज्येष्ठांचा ताप.